एचआय टायटर चांगला, तरी अंडी घटली : सांगलीतल्या एका प्रबंधासाठी साधनांचा शोध

प्रकरण थोडक्यात असं. खानापूर तालुक्यातल्या एका लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, पोल्ट्रीत पक्ष्यांना एच९एन२ बर्ड फ्लूची निष्क्रिय लस दिलेली होती. लसीनंतरच्या तपासणीत एचआय टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचे आकडे, छान आले. तरी हिवाळ्यात एका शेडमध्ये सर्दी-घरघर फिरली, अंडी उतरली, मऊ कवचाची अंडी यायला लागली. शेजारच्या शेडला मात्र फारसं काही झालं नाही. दोन्हीकडे वाण एक, खाद्य एक, लसीची बॅच एक आणि टायटरही जवळपास सारखेच. मालकांनी विचारलं, "म्याडम, रिपोर्टात आकडा चांगलाय म्हणता, मग अंडी का उतरली?"

'म्याडम' म्हणजे पशुवैद्यक असलेली, सांगलीतल्या एका महाविद्यालयातून पीएचडी करणारी विद्यार्थिनी. हा प्रश्न तिनं प्रबंधाचा विषयच करून टाकला. माझ्याकडे ती आली ती रीएजंटची, म्हणजे चाचण्यांना लागणाऱ्या अँटीबॉडी आणि द्रव्यांची, लांबलचक यादी घेऊन. अनुदानातून यातलं काय बसेल, एवढंच तिला विचारायचं होतं. यादी वाचल्यावर माझं पहिलं मत झालं की पैशांचा प्रश्न नंतरचा आहे. यादीतली निम्मी साधनं तिच्या प्रश्नाचं उत्तर देणारीच नव्हती.

आधी पार्श्वभूमी. एच९एन२ हा कमी तीव्रतेचा बर्ड फ्लू. एच५एन१ सारखं शेडच्या शेड तो आडवं करत नाही. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला एच५एन१ आला तेव्हा पक्षी नष्ट करणं हाच उपाय होता आणि त्या विषाणूबाबत आपलं धोरण आजही तेच आहे. एच९एन२ वेगळा. तो मुक्कामाला राहतो, अंडी कमी करतो, मायकोप्लाझ्मा किंवा आयबी (संसर्गजन्य ब्राँकायटिस) हे श्वसनाचे आजार जोडीला असले की जास्त त्रास देतो. त्याच्या लसीचं तंत्रज्ञान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं विकसित केलं आणि २०२२ मध्ये ते देशी कंपन्यांकडे गेलं. माणसाला हा विषाणू क्वचित लागतो, पण लागतो : २०१९ मध्ये मेळघाटातल्या सतरा महिन्यांच्या मुलात तो सापडल्याची नोंद पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं केली आहे.

अंडी घटण्याची दुसरी कारणं आधी बाजूला काढायला हवी होती आणि ती तिनं काढली. स्वॅबची पीसीआर, आयबी आणि मायकोप्लाझ्माची तपासणी, खाद्याचा नमुना, शेडमधली हवा खेळती आहे की नाही, हे सगळं तिनं पाहिलं. त्याचा तपशील इथं देत नाही, कारण उरलेला प्रश्नच खरा अवघड आहे : रक्तातली अँटीबॉडी सारखी असूनही दोन शेडच्या प्रतिकारशक्तीत फरक असेल, तर तो दिसणार कशानं?

एचआय काय सांगतं आणि काय नाही

फ्लूचा विषाणू तांबड्या पेशींना एकमेकींशी चिकटवतो. सीरममध्ये त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी असेल तर हे चिकटणं थांबतं. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं आणि कुठपर्यंत थांबतं ते बघायचं, हा एचआयचा गाभा. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या पद्धतीत चार एचए युनिट (तांबड्या पेशी चिकटवण्याच्या ताकदीचं माप) अँटीजेन, म्हणजे चाचणीतला विषाणू, घेतात आणि १:१६ किंवा त्यावरचा टायटर पॉझिटिव्ह धरतात. कोंबडीच्या सीरममध्ये खोटा पॉझिटिव्ह क्वचित येतो, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेतही ही चाचणी भरवशाची आहे. व्ही आकाराच्या तळाची प्लेट, मायक्रोपिपेट, ताज्या तांबड्या पेशी आणि चांगलं अँटीजेन असलं की झालं.

पण एचआय बघतं फक्त विषाणूच्या एका प्रथिनाच्या डोक्याविरुद्धची, रक्तात फिरणारी अँटीबॉडी. श्वासनलिकेतल्या श्लेष्मात किती आयजीए (तिथली अँटीबॉडी) आहे, टी पेशींना विषाणूची ओळख राहिली आहे का, हे त्यातून कळत नाही. तेलात घोटलेली निष्क्रिय लस स्नायूत टोचली की रक्तातली अँटीबॉडी भरपूर तयार होते. मारक टी पेशी, म्हणजे सीडी८ ही खूण अंगावर असलेल्या, फारशा जाग्या होत नाहीत, कारण पेशीच्या आत विषाणू वाढतच नाही. शिवाय शेतातला विषाणू लसीतल्यापासून थोडा सरकलेला असेल, तर लसीच्या अँटीजेनवर मोजलेला टायटर दिसायला चांगला आणि कामाला कमी. म्हणून शेतातल्या विषाणूचं अँटीजेन घेऊन एचआय पुन्हा करणं हे पहिलं साधन ठरलं. स्वस्त आणि ताबडतोब करण्यासारखं.

टी पेशींकडे वळलं की मात्र गाडी अडते.

प्राणी कोणता, इथूनच सुरुवात

प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) होता. मार्गदर्शकांचा आग्रह समजण्यासारखा होता. १९३३ मध्ये लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू फेरेटमध्येच वेगळा केला. फेरेट शिंकतो, त्याला ताप येतो, त्याच्या श्वसनमार्गातले विषाणूला धरणारे रेणू माणसासारखे वाटलेले असतात. जगभरातले तज्ज्ञ त्याला फ्लूचं उत्तम मॉडेल मानतात ते उगीच नाही.

पण त्याच्या टी पेशी मोजायच्या म्हटलं तर हातात फार थोडं लागतं. पेशी ओळखायला तिच्यावरच्या खुणेला चिकटणारी अँटीबॉडी लागते. उंदरासाठी अशा अँटीबॉडीचे कॅटलॉगच्या कॅटलॉग आहेत. फेरेटसाठी अमेरिकेच्या फ्लू संशोधन केंद्रांच्या जाळ्यानं मुद्दाम पैसा घालून काही बनवल्या, तरी उंदराच्या तुलनेत त्या मूठभरच. गिनीपिग आणि हॅमस्टर यांचीही हीच रड. याउलट उंदरासाठी साधनं उदंड, पण माणसाचा फ्लू त्याला सहज होत नाही, विषाणू आधी उंदरात रुळवावा लागतो. त्यातही प्रयोगशाळेतल्या बहुतेक उंदरांत फ्लूला रोखणारा एमएक्स१ हा जीन निकामी असतो. साधनं सोपी म्हणून उंदीर घ्यावा, तर उत्तर उंदराबद्दल मिळतं.

आणि हा प्रश्न तर खानापूरच्या लेअरचा होता. इथं कोंबडी हे मॉडेलही आणि रुग्णही. कोंबडीसाठी साधनं उंदराइतकी नसली तरी फेरेटपेक्षा कितीतरी जास्त आहेत, कारण पक्ष्यांच्या प्रतिकारशास्त्राची परंपरा जुनी आहे. बी पेशींची कल्पनाच कोंबडीच्या फॅब्रिशियसच्या बर्सातून आली, त्यांच्या नावातला 'बी' तिथलाच. एकदा हे मांडल्यावर मार्गदर्शकांनी फेरेट सोडला. मला वाटतं, फेरेटच्या पिंजऱ्यांचं कोटेशन आल्यावर तो तसाही सुटला असता.

कॅटलॉगमधली कोंबडी

अँटीबॉडी विकणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांवर प्राण्याचं नाव टाकून गाळणी लावता येते. 'चिकन' टाकलं की शेकडो नावं येतात. त्यातली पुष्कळशी कोंबडीविरुद्धची नसतातच. ती कोंबडीत तयार केलेली असतात, उंदराच्या किंवा माणसाच्या प्रथिनांविरुद्ध. तिच्या यादीतल्या बऱ्याच नोंदी अशा 'उत्पादक प्राणी : कोंबडी' वाल्या निघाल्या. दुसरा गट 'अंदाजे जुळणारा' : कंपनीनं अमिनो आम्लांचा क्रम बघून कोंबडीतही चालेल असं लिहिलेलं, पण करून बघितलेलं नाही.

सायटोकाइनच्या, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांच्या, बाबतीत हा अंदाज साफ फसतो. त्यातल्या कोंबडीच्या इंटरफेरॉन गॅमाचा जीन १९९५ मध्ये क्लोन झाला तेव्हा दिसलं की सस्तन प्राण्यांच्या इंटरफेरॉन गॅमाशी त्याचं साम्य जेमतेम एक तृतीयांश आहे. माणसाचं किंवा उंदराचं किट कोंबडीवर लावलं तर रंग येणार नाही. आणि आला तर तो जास्त धोक्याचा, कारण तो कशाचा आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. सीडी३ या टी पेशींवरच्या खुणेच्या, पेशीच्या आतल्या भागाविरुद्धच्या काही अँटीबॉडी अनेक प्रजातींत चालतात, कारण तो तुकडा फारसा बदललेला नाही. पण हा अपवाद झाला.

मग शोध उलटा केला. कॅटलॉग बाजूला ठेवला. कोंबडीतल्या फ्लूवरचे, एनडीवरचे (रानीखेत), मरेक रोगावरचे शोधनिबंध काढून त्यांच्या 'साहित्य व पद्धती' भागातली क्लोनची नावं टिपायला तिला सांगितलं. क्लोन म्हणजे त्या अँटीबॉडीचं कुळ. कंपन्या बदलतात, कॅटलॉग क्रमांक बदलतात, क्लोन तोच राहतो. तीच ती नावं फिरून फिरून आली : मदतनीस टी पेशींवरच्या सीडी४ साठी सीटी-४, सीडी८ अल्फासाठी सीटी-८, सीडी३ साठी सीटी-३, गॅमा-डेल्टा टी पेशींसाठी टीसीआर-१, बी पेशींसाठी एव्ही२०, मोनोसाइट आणि मॅक्रोफेजसाठी केयूएल०१. यातल्या बऱ्याच अमेरिकेतल्या सदर्नबायोटेककडे मिळतात. पशुवैद्यकीय अँटीबॉडीचा मोठा संग्रह बायो-रॅडकडे आहे, कोंबडीच्या सायटोकाइनची सामग्री किंगफिशर बायोटेककडे. ब्रिटनमधल्या रोझलिन आणि पिरब्राइट संस्थांचा 'इम्युनॉलॉजिकल टूलबॉक्स' हा माहितीसंच गायी-डुकरांबरोबर कोंबडीसाठीही शोधता येतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २००६ पासून पशुवैद्यकीय रीएजंटचं जाळं उभं केलं त्यातूनही काही साधनं बाजारात आली. अमेरिकेतलं इंटरनॅशनल रीएजंट रिसोर्स आणि बीईआय रिसोर्सेस ही दोन भांडारं फ्लूवाल्यांना ठाऊक असतात, पण त्यांचा मुख्य माल विषाणू, प्रथिनं आणि अँटीसीरम. एचआयसाठी उपयोगी, पेशी मोजायला कमी.

क्लोन कळला म्हणजे काम झालं असं नाही. सीटी-३, सीटी-४, सीटी-८, एव्ही२०, केयूएल०१ हे सगळे उंदराचे आयजीजी१, म्हणजे एकाच प्रकारच्या अँटीबॉडी. रंग न जोडलेल्या बाटल्या स्वस्त म्हणून त्या घ्यायच्या आणि वरून रंगीत दुय्यम अँटीबॉडी लावायची, असा तिचा बेत होता. एकावेळी एकच खूण बघायची असेल तर तो चालतो. चार खुणा एकत्र बघायच्या तर दुय्यम अँटीबॉडी चारही जणींना सारखीच चिकटते. म्हणजे रंग आधीच जोडलेल्या, महागाच्या बाटल्या घेणं आलं आणि बजेटचा मोठा घास तिथंच गेला.

सीटी-८ बद्दल आणखी एक गोष्ट. सीडी८ अल्फा फक्त मारक टी पेशींवर नसते. कोंबडीच्या रक्तात गॅमा-डेल्टा टी पेशी माणसापेक्षा पुष्कळच जास्त असतात आणि त्यातल्या काहींवरही ती असते, एनके (नैसर्गिक मारक) पेशींवरही असते, काही वाणांत सीडी४ बरोबर एकाच पेशीवर असते. 'सीटी-८ पॉझिटिव्ह म्हणजे मारक टी पेशी' असं लिहिलं की परीक्षक तिथंच पकडणार. सीडी८ बीटासाठी ईपी४२ नावाचा क्लोन आहे. तो किंवा सीडी३ आणि टीसीआर-१ ची जोड दिल्याशिवाय ही ओळ प्रबंधात लिहू नये, असं मी म्हटलं. टेट्रामरचा विषय तर निघता निघताच संपला. टेट्रामर, म्हणजे विषाणूचा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी शोधायचं साधन, विशिष्ट एमएचसी (टी पेशींना असे तुकडे दाखवणारं प्रथिन) प्रकाराला बांधलेला असतो आणि शेडमधल्या व्यापारी लेअरमध्ये एमएचसी प्रकार सरमिसळ असतात.

रक्ताची नळी

मला या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो तो हा. तो कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतो.

माणसाच्या रक्तातून लिंफोसाइट काढायची पद्धत सगळ्यांना पाठ असते : फिकॉल या जड द्रावणावर रक्त ओतायचं, फिरवायचं, मधला पांढरा पट्टा उचलायचा, उरलेल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडनं फोडायच्या. कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं. फोडल्या तर केंद्रकं आणि त्यातला डीएनए बाहेर पडतो आणि सगळं चिकट लगद्यासारखं होतं. शिवाय कोंबडीच्या थ्रोम्बोसाइटनाही, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही, केंद्रक असतं, त्यांचा आकार लिंफोसाइटच्या आसपासचा आणि फिकॉलवर त्या त्याच पट्ट्यात येऊन बसतात.

पहिल्या चाचणीला आम्ही शेडमधली कोंबडी घेतलीच नाही. बाजारातल्या चिकनच्या दुकानातून ताजी तिल्ली आणि हेपरिनच्या नळीत रक्त घेतलं. दुकानदार आधी हसला, मग सवयीनं बाजूला काढून ठेवायला लागला. अँटीबॉडी किती पातळ करायची हे ठरवायला तिल्ली उत्तम, पेशी भरपूर मिळतात आणि त्यासाठी वेगळा पक्षी मारावा लागत नाही. ब्रॉयलर कोवळा असतो, लेअरशी त्याची तुलना होत नाही, पण बाटली चालते की नाही एवढं तो सांगतो.

तिल्लीच्या पेशींवर सीटी-३ आणि सीटी-४ स्वच्छ चमकले. रक्तावर मात्र सीडी३ वाल्या पेशींचं प्रमाण संशयास्पद कमी दिसलं. गिम्सा रंगवून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तेव्हा कोडं उलगडलं. गोल, घट्ट केंद्रकाच्या लिंफोसाइटच्या मधे किंचित लांबट, फिकट पेशी बसलेल्या, काहींच्या टोकाशी लालसर कण, काही तीन-चारच्या पुंजक्यात. थ्रोम्बोसाइट. हिमोसायटोमीटरवर ट्रायपॅन ब्लू टाकून मोजताना त्या सगळ्या 'जिवंत पांढऱ्या पेशी' म्हणून मोजल्या गेल्या होत्या.

यातून मोठा घोळ होऊ शकला असता. प्रतिसाद 'दर दहा लाख पेशींमागे इतका' असा मांडायचा असतो. त्या दहा लाखांत थ्रोम्बोसाइट किती हे प्रत्येक कोंबडीत वेगळं असतं. ज्या शेडमध्ये पक्षी जास्त घाबरतात, रक्त ओढायला वेळ लागतो, तिथं रक्त अर्धवट गोठतं, थ्रोम्बोसाइटचे पुंजके होतात आणि छेदच बदलतो. दोन शेडमधला जो फरक शोधायचा तोच नळीतल्या गोठण्यामुळे खोटा उभा राहिला असता. आरटी-पीसीआरनं सायटोकाइनचा आरएनए मोजायचा म्हटलं तरी सुटका नाही, कारण पक्ष्यांच्या थ्रोम्बोसाइट स्वतःच आयएल-६ सारखी सायटोकाइन तयार करतात.

उपाय दोन केले. फिकॉलऐवजी मंद वेगानं, साठेक जी बलावर रक्त फिरवून पांढरा थर प्लाझ्मासकट हलकेच उचलायचा. यात तांबड्या पेशी कमी येतात, थ्रोम्बोसाइट तरी राहतातच. म्हणून यादीत एक बाटली वाढली, थ्रोम्बोसाइटवरच्या सीडी४१/६१ विरुद्धचा ११सी३ क्लोन. तो मूळ यादीत कुठंच नव्हता, कारण त्याचा फ्लूशी काही संबंध नाही. आता प्रत्येक नमुन्यात आधी थ्रोम्बोसाइट वेगळ्या काढायच्या, मग उरलेल्यात सीडी३ मोजायचा आणि प्रतिसाद 'दर दहा लाख सीडी३ पेशींमागे' मांडायचा असं ठरलं. माझ्या मते प्रबंधाची पत या एका बाटलीनं राखली.

पुण्यापर्यंतचा रस्ता

रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र, फ्लो सायटोमीटर, पुण्यात. सांगलीहून कराड, सातारा, खंबाटकी घाट धरून चार-पाच तासांचा प्रवास, त्यात वाहतूक अडली तर किती ते सांगता येत नाही. ताजं रक्त घेऊन तिथं जाऊन रंगवणं म्हणजे सकाळी शेडमध्ये सूर्योदयापूर्वी पोचणं आणि रात्री यंत्रासमोर डुलक्या घेणं. त्याऐवजी पेशी सांगलीतच रंगवायच्या, सौम्य पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करायच्या, अंधारात बर्फावर ठेवून दुसऱ्या दिवशी यंत्राला लावायच्या. यासाठी रंगही त्या हिशेबानं निवडावे लागले. जोडरंग, म्हणजे पीई-सायसेव्हनसारखे टँडम, स्थिर केल्यावर आणि उजेडात बिघडतात. ते वगळून निळ्या आणि लाल लेझरवर बसतील असे साधे रंग घेतले. मृत पेशी ओळखायचा रंगही स्थिर करण्याआधी लावता येणाराच हवा, नाहीतर नंतर सगळ्याच पेशी मेलेल्या दिसतात.

पेशी काय करतात हे बघायला फ्लोऐवजी एलिस्पॉट निवडला. कोंबडीचं इंटरफेरॉन गॅमा पकडणारी अँटीबॉडींची जोडी बाजारात आहे. पेशींना प्लेटमध्ये अँटीजेन देऊन रात्रभर ठेवायचं; जी पेशी इंटरफेरॉन सोडेल तिच्याखाली एक ठिपका उमटतो. प्लेट वाळली की ठिपके टिकतात, ती पाकिटात घालून नंतर कधीही पुण्याला नेऊन वाचता येते. सांगलीतल्या प्रयोगशाळेला यासाठी वेगळं लागलं ते एवढंच : इनक्युबेटर ३७ ऐवजी ४१ अंशांवर, कारण कोंबडीचं शरीर तितकं गरम असतं. सवयीनं ३७ वर ठेवणारे कर्मचारी असतात, म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली.

साधनं मागवताना जे व्हायचं ते झालं. तीन कोटेशन मागणाऱ्या कार्यालयाला एकाच कंपनीच्या क्लोनसाठी मालकी हक्काचं प्रमाणपत्र जोडून द्यावं लागलं. कोंबडीच्या सीरमसारख्या प्राणिज मालाला पशुसंवर्धन विभागाचा सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागतो, तो आधी काढला नाही तर माल विमानतळावरच अडकतो. पार्सल सुट्टीच्या दिवशी आलं आणि काळजीपोटी कुणीतरी ते उणे वीसमध्ये टाकलं. पीई हा रंग जोडलेली अँटीबॉडी गोठवली की तिची चमक जाते. ती बाटली तिल्लीवर पुन्हा तपासली, फिकी पडली होती, बदलून घ्यावी लागली. तेव्हापासून डब्याबाहेर मराठीत 'फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही' असं लिहिलेलं असतं.

अँटीजेन कुठलं

एलिस्पॉटमध्ये पेशींना काय दाखवायचं? तिनं सहज म्हटलं, "लसच टाकू की." लस तेलात असते. ते तेल पेशींवर पडलं तर ठिपके येतील ते कशाचे ते देवालाच ठाऊक, बहुधा पेशी मरतील. एचआयचं अँटीजेन घ्यावं, तर काही उत्पादनांत ते टिकावं म्हणून अझाइड किंवा थायोमर्सल असतं, तेही पेशींना सोसत नाही. म्हणून बीटा-प्रोपिओलॅक्टोननं निष्क्रिय केलेला, शुद्ध केलेला, टिकाऊ द्रव्य नसलेला अख्खा विषाणू मागवावा लागला. जोडीला विषाणू न घातलेल्या अंड्यातला द्रव, तसाच प्रक्रिया केलेला, म्हणजे अंड्यातल्या प्रथिनांनी येणारे ठिपके वजा करता येतात. जिवंत विषाणू सांगलीत वाढवायचाच नव्हता. ते काम जैवसुरक्षेच्या वरच्या पातळीवरच्या प्रयोगशाळेचं.

इथं मूळ प्रश्नालाच कात्री लागली. निष्क्रिय विषाणू पेशीबाहेरून आत घेतला जातो आणि मुख्यतः सीडी४ टी पेशींना दाखवला जातो. सीडी८ जागवायच्या तर जिवंत संसर्ग किंवा त्या एमएचसीसाठी बेतलेले पेप्टाइड हवेत. म्हणजे प्रबंधाच्या शीर्षकातला 'सीडी८ प्रतिसाद' या साधनांनी मोजता येत नाही. ती दोन दिवस नाराज होती. मग तिनं शीर्षक बदललं : लसीनंतर टी पेशींची आठवण आणि अँटीबॉडी यांचं लेअरमधलं नातं. मार्गदर्शकांना नवं शीर्षक किरकोळ वाटलं. मला ते जास्त पक्कं वाटतं, कारण त्यातल्या प्रत्येक शब्दामागे एक तपासलेली बाटली आहे.

आता आखणी अशी आहे. दोन्ही शेडमधून मोजके पक्षी, लसीच्या आधी एकदा, लसीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पेशींसाठी आणि चौथ्या आठवड्यात एचआयसाठी रक्त. दीड किलोच्या कोंबडीतून एकावेळी वजनाच्या एका टक्क्यापेक्षा जास्त रक्त काढायचं नाही. प्रत्यक्षात पंखाखालच्या शिरेतून तीन-चार मिलीलिटर पुरतं. एचआय लसीच्या आणि शेतातल्या, अशा दोन्ही अँटीजेनवर. सायटोकाइनचा आरएनए फक्त थोड्या नमुन्यांत, पूरक म्हणून : प्रायमर देशातच स्वस्तात बनतात म्हणून सगळं तिथंच वाहून न्यायचं नाही, आरएनए दिसला म्हणजे प्रथिन तयार झालंच असं नसतं. कोरं नियंत्रण म्हणून शेतातले 'लस न दिलेले' पक्षी चालणार नाहीत, कारण या भागात एच९एन२ ची गाठ कधी पडली असेल हे सांगता येत नाही. त्यासाठी पुण्याहून एसपीएफ (ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त) अंडी आणून ती उबवायची आणि पिल्लं वेगळ्या खोलीत वाढवायची. प्राणी-नीतिमत्ता समितीसाठीचा अर्ज त्याप्रमाणे दुरुस्त करून गेला आहे.

मालकांना तिनं सांगितलं की यातून त्यांची अंडी वाढणार नाहीत, पण पुढच्या बॅचला लस कधी आणि कोणत्या अँटीजेनची द्यायची हे ठरवायला मदत होईल. संरक्षण खरंच मिळालं का हे विषाणू देऊनच कळतं आणि ती परीक्षा भोपाळसारख्या ठिकाणीच होऊ शकते. सहकार्याचं पत्र तिकडे पाठवलं आहे. तोवर शेडमधून येणाऱ्या प्रत्येक नळीचं पहिलं काम ठरलेलं : काच रंगवून थ्रोम्बोसाइटचे पुंजके मोजायचे आणि जास्त असतील तर ती नळी बाद करायची, तिच्यात ठिपके कितीही छान आले तरी.